दर ऑगस्टला येणारा झेंड्याचा मेसेज

ऑगस्ट उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो हमखास येतो. यंदा तिघांनी टाकला, त्यातल्या दोघांनी बहुतेक न वाचताच. मजकूर थोडक्यात असा: तिरंग्यातला केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. मधे चरखा होता, तो नेहरूंनी काढून अशोकचक्र घुसवलं. झेंडा फडकवायचा हक्क १५ ऑगस्ट १९४७ला प्रत्येक भारतीयाला मिळाला. आणि शेवटी उपदेश: प्रतीकं पवित्र असतात, त्यांत राजकारण आणू नका, मीठ, टोपी, कपडे या तर साध्या वस्तू, त्यांचा उगीच बाऊ करू नका.

तद्दन खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे अर्धंमुर्धं खरं आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी रंग. ही गोष्ट १९२१लाच संपली असती तर मेसेज बरोबर ठरला असता. त्या वर्षी बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला. लाल आणि हिरवा, दोन मोठ्या समाजांचे दोन रंग. गांधीजींनी बाकीच्यांसाठी पांढरा पट्टा सुचवला आणि झेंड्यावर चरखा आला. पण रंग वाटायला बसलं की वाटणी संपत नाही. शीख म्हणाले, आमचा रंग कुठाय? उद्या प्रत्येकाने हेच विचारलं असतं तर झेंड्याची गोधडी झाली असती. १९३१ला कराची अधिवेशनात सात जणांची समिती नेमली गेली. तिने सुचवलं की अख्खा झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा, त्यावर चरखा. ते कुणाला पटलं नाही. शेवटी त्याच ऑगस्टमध्ये केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि काँग्रेसने स्पष्ट करून टाकलं की या रंगांचा धर्मांशी संबंध नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा. पुढे जुलै १९४७मध्ये संविधान सभेत राधाकृष्णन यांनी हिरव्याचं नातं मातीशी आणि झाडपाल्याशी लावलं. एकाच हिरव्याचे सव्वीस वर्षांत तीन अर्थ झाले. मेसेजवाल्यांनी त्यातला पहिला उचललाय, जो १९३१लाच जाणूनबुजून बाजूला ठेवला होता.

आता चक्र. एक पातळ कागद घ्या, त्यावर डावीकडे चरख्याचं चाक काढा, उजवीकडे चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई. कागद उलटा करून उजेडासमोर धरा. चाक उजवीकडे गेलं, चाती डावीकडे आली. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे एका बाजूने चरखा नेहमीच उलटा दिसणार. २२ जुलै १९४७ला ठराव मांडताना नेहरूंनी नेमकी हीच अडचण सभेला समजावून सांगितली होती. चक्र कुठूनही सारखंच दिसतं. आणि ‘काढून टाकला’ म्हणणाऱ्यांनी त्या ठरावाची भाषा वाचावी. पांढऱ्या पट्ट्यावरचं निळं चक्र चरख्याचं निदर्शक आहे, असंच त्यात म्हटलंय. फक्त आकार सारनाथच्या सिंहस्तंभावरच्या चक्राचा. म्हणजे चरखा गेलाही आणि राहिलाही. एकट्या नेहरूंनी ‘घुसवलं’ हेही खरं नाही. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष असलेली समिती होती. आझाद, सरोजिनी नायडू, आंबेडकर तिच्यात होते. या बदलावर गांधीजी नाराज झाले होते, ते मात्र खरं. पण चरखा एका पक्षाच्या झेंड्यावर होता आणि आता झेंडा देशाचा व्हायचा होता. हे राजकारणच आहे, आणि ते असण्यात मला काही गैर वाटत नाही.

हक्काचा मुद्दा मात्र साफ चुकलाय. आमच्या शाळेत झेंडा हेडबाईंच्या लोखंडी कपाटात असायचा, डांबराच्या गोळ्यांसोबत. चौदा ऑगस्टला संध्याकाळी शिपाईमामा तो काढायचे, सतरंजीवर पसरायचे, मग घडीत झेंडूच्या पाकळ्या भरून दोरीची ती सुटणारी गाठ मारायचे. आम्ही पोरी भोवती उकिडव्या बसून बघायचो. हात लावलेला चालत नसे. सकाळी झेंडा उलगडला की पाकळ्यांच्या पाठोपाठ डांबराच्या गोळ्यांचा वास खाली यायचा. घरी असा झेंडा लावावा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि आलं असतं तरी नियमात बसलं नसतं. सामान्य माणसाला प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन असे मोजकेच दिवस मोकळे होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायगढला नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्यावर रोज झेंडा लावायला सुरुवात केली आणि अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान २६ जानेवारी २००२पासून झेंडा लावण्याचे नवे नियम, म्हणजे नवी ध्वजसंहिता, लागू झाली, आणि २३ जानेवारी २००४ला न्यायालयाने सांगितलं की मान राखून झेंडा फडकवणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. स्वातंत्र्यानंतर छप्पन वर्षांनी. कापड खादीचंच हवं ही अट डिसेंबर २०२१पर्यंत होती, आणि घरावर रात्रीही झेंडा ठेवायची मुभा तर जुलै २०२२ची.

राहिल्या साध्या वस्तू. त्यांचा बाऊ आधी कुणी केला? आपण निष्ठेबद्दल बोलताना ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतो, आणि त्याच मिठावर सरकारची मक्तेदारी होती. किनाऱ्यावर आयतं साठलेलं मीठ उचलणं हा गुन्हा होता. म्हणून ६ एप्रिल १९३०ला दांडीला उचललेली मूठ इतकी जड झाली आणि पुढच्याच महिन्यात कोकणात शिरोड्याला लोक मीठ उचलायला गेले. नागपुरात १९२३ला सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत, झेंडा घेऊन जाण्यावर बंदी होती, तर लोक तो घेऊन मुद्दाम तिकडेच निघाले आणि रोज अटक होत राहिले. टोपीचंही तेच. गांधीजींनी स्वतः ती जेमतेम काही वर्षं घातली, पण सरकारी कचेऱ्यांनी ती डोक्यावर बघून लोकांना हुसकावलं तेव्हा ती टोपी उरली नाही, बाजू झाली. (पुढे आपल्या भाषेत ‘टोपी घालणं’ आणि ‘टोपी फिरवणं’ यांना जे अर्थ आले, त्यात गांधीजींचा दोष नाही.)

आणि कपड्यांचं म्हणाल तर डिसेंबर १९२७चं महाड आठवा. मनुस्मृती जाळली ते सगळ्यांना माहीत असतं. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी बायकांशी वेगळं बोलणं केलं, आणि ते लुगड्याबद्दल होतं. ज्या नेसण्यावरून आणि अंगावरच्या ज्या चांदीच्या दागिन्यांवरून जात ओळखू येते, ते सोडा. लुगडं घोट्यापर्यंत नेसा. लुगडं कुठवर आलंय हे बघून गाव माणसाची जागा ठरवत होतं. त्या बायकांना कुणी सांगून बघावं की ही साधी वस्तू आहे. पुतळ्यातला निळा सूटही मग नुसता कपडा वाटत नाही.

आजही तसंच आहे. घरावर झेंडा कुणीही लावावा, पण गाडीवर लावायचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा मोजक्यांनाच. ध्वजसंहितेत यादीच दिलीय. ‘लाल दिव्याची गाडी मिळाली’ याचा अर्थ मराठीत वेगळा सांगावा लागत नसे. १ मे २०१७पासून ते दिवे उतरले. मग काचेमागे पाट्या आल्या. तीन सिंहांची राजमुद्रा अधिकार नसताना गाडीवर लावणं तर २००५च्या कायद्याने बंद आहे.

तो मेसेज सगळ्यात आधी टाकणारे आमचे भाऊजी खासगी बँकेत आहेत. त्यांच्या गाडीच्या पुढच्या काचेवर तीन सिंहांचं स्टिकर आहे. मागे मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, टोलनाक्यावर बरं पडतं.