तवंग काढला की विहीर साफ?

"विहिरीत पेट्रोल झिरपलं तर घाबरू नका. तेल पाण्यावर तरंगतं. वरचा थर काढा, रात्रभर मोटर लावून उपसा, तुरटी फिरवा, उकळून प्या. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, त्याचं काही होत नाही." हा मेसेज आमच्या गावच्या तिन्ही ग्रुपवर फिरतोय.

तेल तरंगतं, हे खरं. वावरातल्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं तेव्हा आजी घागरीच्या बुडानं तवंग बाजूला सारून पाणी भरायची. पाणी नितळ दिसायचं, दोराचा वास मात्र जायचा नाही. कारण पेट्रोल-डिझेलमधलं सगळंच वर राहत नाही. पेट्रोलातलं बेंझिन कॅन्सरला कारण ठरतं. शुद्ध बेंझिन लिटरभर पाण्यात सुमारे 1.8 ग्रॅम विरघळतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. पेट्रोलचं ऑक्टेन वाढवायला घालतात ते एमटीबीई हे रसायन तर बेंझिनच्या वीसपटीहून जास्त विरघळतं, मातीलाही धरून राहत नाही. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला त्यापायी पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

तुरटीनं गढूळपणा बसतो, विरघळलेलं नाही. उकळल्यावर बेंझिन उडतं खरं, पण स्वयंपाकघरातच. आणि पेट्रोलचा वास येणारं पाणी चुलीवर ठेवायचं? कमाल आहे!

इथेनॉलची गोष्ट उलटी आहे. जमिनीतले जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, पंगतीत जिलबीवर पडावं तसे, आणि त्यातच तिथला ऑक्सिजन संपवतात. बेंझिन तसंच उरतं, आणखी लांब जातं.

सगळ्यात घातक सल्ला उपशाचा. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, मग भेगाळलेला काळा पाषाण. मोटर चालली की त्या भेगांतून गळतीचं पाणी विहिरीकडेच ओढलं जातं. उपसून साफ करतातही, पण आधी गळती बंद करून. ते पाणी हवेच्या झोतातून, सक्रिय कोळशातून काढतात, मातीतली वाफ खेचतात. हे काम एका रात्रीचं नाही, वर्षानुवर्षं चालतं.

तोवर त्या विहिरीचं पाणी पिण्याला बंद. तपासायला देताना बेंझिनची तपासणी मागून घ्या, नेहमीच्या तपासणीत ती नसते. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, बर्फात ठेवून न्या. अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली नेली तर बेंझिन वाटेतच उडेल, आणि रिपोर्ट येईल: पाणी चांगलं आहे.