फर्मवेअरचा परकायाप्रवेश

आमचा राऊटर उत्तम चालला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे घरात जी चौकशी झाली तिच्यात सगळ्यांचा भर याच मुद्द्यावर होता.

अर्थात 'उत्तम' ही घरच्यांची व्याख्या. भिंतीवर डबा आहे, दिवे लुकलुकतायत, व्हिडिओ चालतोय, विषय संपला. माझं दुखणं वेगळं होतं. कंपनीने या डब्यासाठी शेवटचं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, काढलं त्याला वर्षं लोटली होती. 'अपडेट तपासा' हे बटण दाबलं की राऊटर थोडा विचार केल्यासारखं करायचा आणि 'तुमच्याकडे सर्वात नवी आवृत्ती आहे' असं कळवायचा. खोटं नव्हतंच ते. कंपनीने हात झटकले की जे आहे तेच सर्वात नवं. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही आणि लॅपटॉप ज्या डब्यातून बाहेरच्या जगात जातो त्या डब्यातल्या भोकांना आता कोणी वाली नाही, हा विचार दिवसा किरकोळ वाटतो. झोप उडालेल्या रात्री तो फार मोठा होतो.

दुसरं कारण घरात सगळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याबद्दल राऊटरला कोणी धारेवर धरत नव्हतं. मुलगी घरी आली की तिचा फोन दिवसभराचे फोटो मुकाट्याने वर चढवायला लागायचा आणि त्याच क्षणी बायकोच्या मीटिंगमधली माणसं तोंड अर्धवट उघडून थिजायची. या आजाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या गृहस्थांनी त्याचा जाहीर पिच्छा पुरवला. राऊटर हा एकही अर्ज परत न पाठवणारा कारकून असतो. पुढची खिडकी अरुंद आहे हे दिसत असूनही तो येईल ते घेतो आणि गठ्ठा रचत बसतो. मीटिंगमधलं एक वाक्य मग फोटोंच्या गठ्ठ्याखाली पाळीची वाट बघत पडतं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाचा तोडगा काढला. पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, रांगेत किती वेळ ताटकळलं ते मोजायचं आणि फार झालं की काही पॅकेट्स सरळ टाकून द्यायची. पाठवणाऱ्याला ते कळतं आणि तो हात आखडता घेतो. कोडेलवर उभ्या राहिलेल्या एफक्यू-कोडेल आणि केक या पुढच्या पद्धती तर फुकट मिळतात. आमच्या कंपनीच्या फर्मवेअरमध्ये त्यांचा मागमूस नव्हता. कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी बसवता येणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरमध्ये होत्या. ते बसवायला मला एवढं पुरे होतं.

"अहो, पण बंद पडला तर?" बायकोने विचारलं.

"नाही पडत."

"आणि पडला तर?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते दिलं नाही. राऊटर 'ब्रिक' झाला, म्हणजे विटेसारखा निपचित पडला, तर आधी फेलसेफ हा आणीबाणीचा मोड, तो नाही चालला तर टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने नवी फाइल भरवणं, आणि तेही नाही जमलं तर डबा उघडून आतल्या सर्किटला तारा डकवणं, अशी उपचारांची चढती भाजणी आहे. जुन्या राऊटरांसाठी डीडी-डब्ल्यूआरटी या अशाच दुसऱ्या फर्मवेअरवाल्यांचा तीस-तीस-तीस नावाचा एक विधीही आहे. रिसेटच्या भोकात टाचणी घालून ३० सेकंद दाबायचं, टाचणी तशीच दाबून धरत वीज काढायची, आणखी ३० सेकंद, मग वीज लावून पुन्हा ३०. दीड मिनिट माणूस भिंतीला चिकटून, श्वास रोखून उभा. नव्या राऊटरांवर तो करू नये असं सांगतात, याचं मला दुःख नाही.

या सगळ्याचं मूळ लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राऊटरात आहे. तो डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला, आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम असल्याचं लोकांनी हुडकून काढलं, आणि लिनक्स वापरायचं तर त्याच्या जीपीएल या परवान्याप्रमाणे सोर्स कोड द्यावा लागतो म्हणून २००३ मध्ये तो खुला करावा लागला. २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याच्या आवृत्त्यांना पूर्वी कॉकटेलची नावं असत: व्हाइट रशियन, कामिकाझे, बॅकफायर. राऊटरमध्ये लॉगिन केलं की पडद्यावर त्या कॉकटेलची कृती यायची. काहींना हा चहाटळपणा वाटतो. मला त्यात करुणा दिसते. इथवर पोचलेल्या माणसाला कशाची गरज असेल, हे त्यांनी ओळखलं होतं. आता वर्ष आणि महिना जोडून २३.०५, २४.१० असे नीरस आकडे असतात. पैकी २४.१० ही आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली, त्यामुळे महिन्याबद्दल मंडळी फार काटेकोर नसावीत.

पहिली खरी परीक्षा स्टिकरची. राऊटरचं नुसतं मॉडेल कळून भागत नाही, हार्डवेअरची आवृत्ती लागते. कंपन्या तेच नाव, तोच खोका आणि तोच चेहरा ठेवून आतला चिपसेट बदलतात. तो आद्य डब्ल्यूआरटी५४जीसुद्धा पाचव्या आवृत्तीत निम्म्या मेमरीचा झाला आणि त्यातलं लिनक्सही गेलं. मग हौशी लोकांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल असा जुन्या धाटणीचा वेगळा राऊटर काढावा लागला. ही निर्णायक आवृत्ती छापलेली असते राऊटरच्या बुडाला, राखाडी कागदावर, त्याहून किंचित गडद राखाडी अक्षरांत. मी डबा भिंतीवरून न काढता खालून फोनने फोटो घेतला आणि तो मोठा करून पाहिला. ती आठ होती की तीन, यावर मुलीशी मतभेद झाले. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आठवी आवृत्तीच नव्हती, त्यामुळे मी जिंकलो.

मग फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, किती आणि रॅम किती ते पाहायचं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या गरिबांना हल्ली प्रवेश नाही. आमचा १६ आणि १२८ चा निघाला. मला उगीचच अभिमान वाटला.

डाउनलोडच्या पानावर फाइली दोन. 'फॅक्टरी' लिहिलेली फाइल कंपनीच्या फर्मवेअरवरून उडी मारताना वापरायची. 'सिसअपग्रेड'वाली एकदा पलीकडे गेल्यानंतर. फाइल नीट उतरली का हे तपासायला ६४ अक्षरांचा चेकसम, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, असतो. तो जुळवायचं काम संगणक चुटकीसरशी करतो आणि त्याने केलंही. तरी मी एकदा बोट ठेवून सगळी अक्षरं वाचली. फाइलच नव्हे, पुढे लागतील ती सगळी पानंही आधीच उतरवून ठेवावी लागतात, कारण मदत ज्या इंटरनेटवर आहे तेच आपण बंद करणार असतो.

हे काम वायफायवरून करायचं नसतं, लॅनची वायर लागते. वायर होती. लॅपटॉपला ती खुपसायची जागा नव्हती. बारीक होण्याच्या नादात लॅपटॉपने ती केव्हाच टाकून दिली आहे. यूएसबीतून लॅन काढणारं इवलंसं अडॅप्टर घरात कुठेतरी होतं. तारांचा खण उपसला. आता अस्तित्वात नसलेल्या फोनांचे चार्जर निघाले, छापखान्यातून आल्यासारख्या एकसारख्या काळ्या तारा निघाल्या, आणि अडॅप्टर शेवटी बायकोच्या ऑफिसच्या बॅगेत सापडलं. तिथे ते नेहमीच असतं, असं ती म्हणाली.

फाइल दिली, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली: वीज बंद करू नका. आणि काय सांगू, एरवी ज्या प्लगकडे महिनोन्‌महिने कोणी ढुंकून पाहत नाही, तिथे घरातला प्रत्येक माणूस काही ना काही काढून येऊ लागला.

"अरे, त्या बोर्डावर माझा फोन लावू का जरा?" आई.

"नको!"

"ओरडतोस कशाला? नुसतं विचारलं."

मी बोर्डापुढे खुर्ची टाकून बसलो. कंपनीच्या पानावरची पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर पोचली आणि तिथेच राहिली. ती आता कायमची तिथेच राहणार होती, कारण जे फर्मवेअर तिला पुढे काय करायचं ते सांगणार ते आपल्या हाताने पुसलं गेलं होतं. राऊटरवर एकच दिवा होता. तो आधी सावकाश लुकलुकला, मग भरभर, मग विझला. विझला तो बराच वेळ. या काळात माणूस ज्या देवांची नावं घेतो त्यांचा नेटवर्किंगशी संबंध नसतो. मग दिवा लागला आणि स्थिर झाला. ब्राउझरात १९२.१६८.१.१ टाकलं, आणि समोर ओपनडब्ल्यूआरटीचं पान. पासवर्ड विचारला तर काही नाही, रिकामाच. आधी तो घातला. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो.

बाहेर तिघीजणी हातात फोन घेऊन बसल्या होत्या.

"बाबा, वायफायचं नावच दिसत नाहीये."

ओपनडब्ल्यूआरटी बसवल्यावर वायफाय बहुतेक राऊटरांवर बंदच असतं. पासवर्ड नसलेलं जाळं आपोआप सुरू होऊन शेजारपाजाऱ्यांना खुलं होऊ नये, यासाठी. अत्यंत शहाणपणाची गोष्ट आहे. मी ती समजावून सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे वायफायच्या डब्यात वायफाय नाही."

जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की फोन आपोआप जोडले जातात. तसे जोडलेही गेले, पण २.४ गिगाहर्ट्झवर. ५ गिगाहर्ट्झसाठी मी मुद्दाम रिकामा चॅनेल निवडला होता, आणि तो रिकामा असण्याचं कारण म्हणजे त्या पट्ट्यात रडारही चालतात. नियमाप्रमाणे राऊटरला आधी मिनिटभर कान देऊन रडार नाही ना, याची खात्री करावी लागते.

"फाइव्ह जी का नाही लागत?"

"रडार शोधतोय."

"कोण?"

"राऊटर."

यानंतर मुलीने मला काही विचारलं नाही. आईने मात्र, रडार सापडलं का, असं दोनदा विचारलं.

मग मुख्य काम. रांग शिस्तीत लावायची तर ती आपल्या ताब्यात हवी, म्हणून एसक्यूएम या रांग सांभाळणाऱ्या सोयीत लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा भरायचा. ८० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. १०० एमबीपीएसच्या लाइनला मी ९० लिहिले. निकाल डोळे दिपवणारा होता. फोटो जोरात वर चढत असताना पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, आधी कित्येकशे मिलिसेकंदांवर जायचा, तो आता जागचा हलेना. मीटिंगमधली माणसं तोंडं उघडत होती आणि वेळेवर मिटतही होती. दुर्दैवाने मुलीने त्याच वेळी स्पीड टेस्ट लावली.

"बाबा, आधी शंभर यायचा. आता नव्वद."

"तो मीच कमी केलाय."

"मुद्दाम?"

"नेट चांगलं चालावं म्हणून."

घरात शांतता पसरली. एवढी मेहनत घेऊन माणसाने विकत घेतलेल्या वेगातला दहावा हिस्सा स्वतः कापला आणि वर त्याचा आनंद मानतोय, हे पचायला जड होतं. मी पिंगचा आलेख दाखवला. आलेख सपाट होता. सपाट आलेखाने आजवर कोणाचं मन जिंकलंय?

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बिघाडाचा मालक मी आहे. पूर्वी नेट गेलं की कंपनीला शिव्या बसायच्या आणि मीही त्यात सूर मिसळायचो. आता एखाद्या बँकेची साइट बसली, टीव्हीवरचं ॲप अडकलं, आईच्या फोनची मेमरी भरली, तरी हाक मलाच. "तू ते नवीन काहीतरी घातलंयस ना, त्यामुळे." लॉग उघडून दाखवावा तर त्यात इंग्रजीत ओळीच्या ओळी, आणि त्यातल्या अर्ध्या एरर वाटाव्यात अशा. पुरावा माझ्याच विरुद्ध जातो.

परवा तक्रारींचा कहर झाला. बाहेरची लाइनच गेली होती, परिसरात सगळ्यांचीच. आई म्हणाली, "अरे, हा नवा राऊटर काढ आणि तो जुनाच परत लाव बघू. गुणी होता बिचारा."

राऊटर तोच आहे, फक्त आतलं सॉफ्टवेअर बदललंय, हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. डबा भिंतीवरून उतरवला, आतल्या खोलीत नेला, दार लावलं, कापडाने स्वच्छ पुसला आणि लाइन आल्याची खात्री फोनवरून होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. मग बाहेर आणून जागेवर टांगला.

"आता कसं," आई म्हणाली, "लगेच लागलं बघ."

मुलीने स्पीड टेस्ट लावली. नव्वद आले. "चांगलाय," ती म्हणाली.