मीठ शून्य ग्रॅम

मुलांसाठी घरातल्या रेसिप्यांचं एक पुस्तक करून ठेवायचं, ही कल्पना ऐकायला इतकी गोड आहे की तिला कुणी विरोधच करत नाही, आणि तिथेच सगळं फसतं. जरा विरोध झाला असता तर मीही वेळीच गप्प बसले असते. पण फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकल्या टाकल्या अंगठे काय, फुलं काय, जोडलेले हात काय, 'किती छान गं', 'हे कधीच व्हायला हवं होतं', आणि ज्यांनी आयुष्यात स्वतःचं पाणीसुद्धा उकळलेलं नाही त्या काकांचा 'कॉपी कधी मिळणार?' असा प्रश्न. रेसिपी मात्र एकही नाही.

मग एकेकाला वेगवेगळं गाठलं. मावशीने व्हॉइस नोट पाठवली, चांगली लांबलचक, पण त्यात निम्मा वेळ मिक्सर चालू आहे, आणि वाटणात नेमकं काय काय घालायचं ते त्या मिक्सरमध्येच गेलं. काकूंनी आपल्या डायरीतल्या केकच्या पानाचा फोटो पाठवला, आडवा, आणि प्रमाणाच्या बरोब्बर वर त्यांचा अंगठा. परत मागितला तर अंगठा काढून पाठवला खरा, पण तिथे नुसतं 'सोडा अर्धा चमचा'. आता हा खायचा सोडा की बेकिंग पावडर? कारण सोड्याची ताकद पावडरच्या जवळपास तिप्पट असते, इकडचं तिकडे झालं की एक तर केक बसतो नाहीतर साबणासारखा लागतो. विचारलं. उत्तर आलं, 'घरात असेल तो.' काकू भोळ्या आहेत की हुशार आहेत हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

आजीची वही तेवढी हाताला लागली. पिवळी पडलेली, तेलाचे डाग, अक्षर मात्र मोत्यासारखं. मोठ्या आशेने रश्शाचं पान उघडलं. 'कांदे बारीक चिरून परतावेत. मसाला घालावा. बाकी नेहमीप्रमाणे.' संपलं! पुढचं पान, 'वरीलप्रमाणेच, फक्त पातळ.'

आधी मला वाटलं हा आजार आमच्याच घराण्यात आहे. मग वाचनात आलं की अमेरिकेत येल विद्यापीठाकडे बॅबिलोनियातल्या मातीच्या पाट्या आहेत, इसवीसनापूर्वी १७०० च्या आसपासच्या, आणि त्यांच्यावर चक्क रश्शांच्या रेसिप्या कोरलेल्या आहेत. कांदा घाला, लसूण घाला, चरबी घाला, पाणी घाला, पण किती घाला ते जवळपास कुठेच नाही आणि किती वेळ शिजवा तेही नाही. साडेतीन हजार वर्षं उलटून गेली, विद्वान मंडळी अजून अंदाज बांधत बसलीयेत. पाटी कोरणाऱ्याने नक्की विचारलं असणार हो, पाणी किती लिहू, आणि आतून आवाज आला असणार, 'लागेल तेवढं.' चमचा सुरीने सपाट करून मोजायची शिस्त त्या मानाने अगदी अलीकडची, अमेरिकेतल्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकातून ती घराघरात पोचवली. बाईंना माझा साष्टांग नमस्कार, फक्त त्यांना आमची आई भेटली नव्हती.

आईला प्रमाण विचारायचं नसतं. विचारलं की ती चिडते. 'किती म्हणजे काय किती? दिसतंय ना समोर.' म्हणून मी डिजिटल काटा आणला, त्यावर वाडगा ठेवला, शून्य केला आणि म्हटलं, आई, बटाट्याच्या भाजीत तू जे जे घालतेस ते आधी यात घाल, मी नुसते आकडे लिहिते, तुला एक शब्द विचारणार नाही. आईने मिठाची चिमूट घेतली, वाडग्यात टाकली. काटा शून्य. दुसरी टाकली. शून्य. तिसरी टाकली, जरा मोठी. शून्य. स्वयंपाकघरातले साधे काटे एकेका ग्रॅमने मोजतात, चिमूट असते त्याच्याही आतली, आणि असं जरा जरा टाकत गेलं तर कित्येक काटे ते वजन म्हणून धरतच नाहीत, गिळून टाकतात आणि परत शून्यावर येऊन बसतात. आई जाम खूश. 'बघ, मी काही घातलंच नाही. विचार तुझ्या काट्याला.'

यावर उपाय आहे, आणि तो मी फुकट सांगते. काट्यावर वाडगा ठेवायचाच नाही, मिठाचा डबा ठेवायचा. आधीचं वजन, नंतरचं वजन, वजाबाकी. डब्यातून जे गेलं ते भाजीत गेलं. पण आईच्या नजरेतून काही सुटत नाही, आपल्या मिठावर पहारा बसलाय हे कळल्यावर तिचा हात आखडला, भाजी अळणी झाली, आणि घराण्याच्या अधिकृत दप्तरात काही काळ त्या अळणी भाजीचीच नोंद होती. शेवटी एकदा नवऱ्याला तिच्यासमोर बसवून दिलं आणि सांगितलं, तुम्ही फक्त 'हल्लीची पिढी जास्त कष्ट करते' एवढं वाक्य बोला. मग काय, आईचं तोंड तिकडे, हात इकडे, आणि मला आकडा मिळाला. सहा ग्रॅम. बारीक मीठ असेल तर एक सपाट छोटा चमचा. जाडं मीठ त्याच चमच्यात वजनाने कमी बसतं, म्हणून पुस्तकात मीठ ग्रॅममध्येच लिहिलंय, आणि त्यावरून मला 'दवाखाना काढलायस का' हेही ऐकून घ्यावं लागलंय.

मग वाटी. आईची सगळी प्रमाणं एका वाटीवर बेतलेली, 'ती आपली पोचा आलेली'. ती वाटी वाटण्यांमध्ये भावाकडे गेली आणि तो तिच्यात स्क्रू ठेवतो. त्याला व्हिडिओ कॉलवर धरून वाटी रिकामी करायला लावली, काठोकाठ पाणी भरून वजन करायला लावलं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, त्यामुळे कुठल्याही वाटीचं माप असं काढता येतं, पोचा असो नाहीतर भोक बुजवलेलं असो. १६५ मिली निघाली. दादा म्हणाला, 'स्क्रू परत टाकू का आता?' आणि आमच्या वाटीला कुणी हसू नये, अमेरिकेतला कप २३७ मिलीच्या आसपास असतो आणि ऑस्ट्रेलियातला २५०. मोठा चमचा बाकी बऱ्याच ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २०. म्हणजे अख्ख्या जगात प्रत्येकाकडे आपापली पोचा आलेली वाटी आहेच.

वेळेचं तर विचारूच नका. कांदा चांगला बदामी व्हायला किती वेळ? छापील पुस्तकं बिनधास्त पाच मिनिटं लिहितात, ते धादांत खोटं आहे, मंद आचेवर खरा बदामी व्हायला अर्धा तास सहज जातो. आई घड्याळ बघत नाही, ती फोनवर मोजते. 'मावशीशी एक फोन होईस्तोवर परतायचा.' म्हणजे पाऊण तास. आणि मसाला? 'आत्याशी फोन होईस्तोवर.' म्हणजे दोन मिनिटं, कारण त्यांचं पटत नाही.

आत्यावरून आठवलं, रस्सा. आमच्या घराण्याचा म्हणून जो रस्सा आहे त्याच्या दोन रेसिप्या आल्या. एक आईची, 'सासूबाईंनी मला स्वतः शिकवला'. एक आत्याची, 'आईने मला हात धरून शिकवला'. सासूबाई आणि आई या एकच बाई, म्हणजे माझी आजी. आणि दोन्ही रश्शांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एकात टोमॅटो आहे, दुसऱ्यात टोमॅटोचं नाव काढलं तर पाप. तेव्हा आजी सुनेला एक शिकवत होती आणि लेकीला एक, हे आता उघड आहे, आणि त्या वहीत 'बाकी नेहमीप्रमाणे' का लिहिलंय तेही आता माझ्या लक्षात आलंय. दोघींपैकी खरा रस्सा कोणाला मिळाला हे ठरवायची माझी हिंमत नाही. मी म्हटलं दोन्ही छापू. मग आधी कोणाचा? म्हटलं अकारविल्हे लावू, त्याच्याइतकं निःपक्षपाती काही नाही. आई, आत्या. दोन्ही 'आ', पुढे ई आणि त, शब्दकोशात ई आधी येते, माझा काय दोष? आत्या म्हणाली, 'वा! म्हणजे शेवटी तुझ्या आईचाच पहिला ना!' आणि ग्रुप सोडून गेली. संध्याकाळी परत आली, कारण तिला पीडीएफ हवी होती.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांचं काय? लेक म्हणाली, 'व्हिडिओ काढ ना, वाचतंय कोण.' काढला. आई ठेवणीतले कपडे घालून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी, पातेलं दिसत नाही, आवाज फक्त चिमणीचा, मध्येच एकदा ऐकू येतं 'हे असं झालं की बंद करायचं'. असं म्हणजे कसं ते पाठीमागे.

बाकी छपाई वगैरे फार काही नाही, एवढं सांगते की स्पायरल बाइंडिंगच करा म्हणजे ओट्यावर पुस्तक सपाट उघडं राहतं, आणि अक्षर मोठं ठेवा, चष्मा वाफेने धुकटतो. डावीकडचं पान मी कोरं ठेवलंय, भांडणांसाठी.

कच्ची प्रत मुलांना दाखवली. लेकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली, परत चाळली आणि विचारलं, 'यात ते नाहीये. तू कंटाळलीस की करतेस ते.' लेक पण लगेच, 'हो, ते कुठाय?' चार पिढ्या, एक वाटी, दोन रस्से, आणि वारसदारांना हवाय उरलेल्या भाताचा तो प्रकार, ज्याला घरात नावसुद्धा नाही!

बसले लिहायला. साहित्य: कालचा भात, उरेल तेवढा. आता भात उरवायचा कसा? तो ठरवून जास्त लावला की कधीच उरत नाही, सगळे संपवतात, तो चुकूनच उरावा लागतो. उरला तर गार करून तासाभरात फ्रिजमध्ये ढकलायचा, रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, शिजलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. एक कांदा. फ्रिजमध्ये जे काही वाट बघत असेल ते. तेल... तेल थोडं जास्तच. लेकीने न बोलता काटा आणून समोर ठेवला, मी तो बाजूला सरकवला.

लिहिलं तसं ग्रुपवर टाकलं, म्हटलं निदान यावर तरी कोणाचा दावा नसेल. मिनिटभरात आत्याचा मेसेज. 'अगं हे तर माझं आहे! वहिनी माझ्याकडे बघूनच शिकली.'

बराच वेळ झाला, वर 'आई टाइप करत आहे' असं दिसतंय.