ओहायोत कचेरी थाटू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

आपल्या पदरी दोन-चारशे नोकऱ्या असतील आणि त्या नेमक्या कोणत्या गावी ठेवाव्यात या विवंचनेत आपण असाल, तर अमेरिकेतील ओहायो राज्याचा विचार अवश्य करावा. तेथे शहरे स्वतःचा आयकर घेतात. १९४६ साली टोलेडो शहराने हा पायंडा पाडला आणि आज सहाशेहून अधिक शहरे व गावे तो वसूल करतात. कोलंबस, क्लीव्हलंड, टोलेडो आणि डेटन येथे त्याचा दर अडीच टक्के आहे, आणि संघराज्याचा व ओहायो राज्याचा आयकर तो निराळाच. हा आकडा पाहून आपण मुळीच दचकू नये. कर आपल्या नफ्यावरही लागतो हे खरे, पण पालिकेच्या तिजोरीत पडणारा बहुतेक पैसा पगारातून येतो, आणि तो आपल्या कर्मचाऱ्यांचा असतो. आपण फक्त तो कापून वेळच्या वेळी पालिकेकडे पोचता करायचा. नीट बोलणी केलीत तर त्यातला चांगला मोठा हिस्सा वर्षअखेरीस आपल्याच खात्यात परत येतो.

कोलंबसचे उदाहरण घ्यावे. तेथे शहराच्या मध्यभागी नव्या नोकऱ्या आणणाऱ्या कंपन्यांसाठी अशी योजना आहे की, नव्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून जो शहरकर कापला गेला, त्याच्या निम्म्याइतकी रक्कम पालिका कंपनीला रोख देते. समजा, आपण वर्षाला ८०,००० डॉलरवर पाचशे माणसे नेमलीत. प्रत्येकाचे २,००० डॉलर कापले जातील, एकूण दहा लाख डॉलर होतील, त्यातले पाच लाख पालिका रस्ते, पोलीस आणि कर्जफेड यांसाठी ठेवील आणि पाच लाख ‘आर्थिक विकास’ या सदराखाली आपल्याला मिळतील. कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकावर मात्र पूर्ण २,००० डॉलर ‘शहरकर’ म्हणूनच दिसतात. त्यातले हजार डॉलर आपल्याकडे आले, हे तेथे छापण्याची पद्धत नाही आणि आपण ती सुरू करू नये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची जुनी रीत एवढ्या नेटक्या हिशेबाने इतरत्र क्वचितच पाळली जात असेल.

या व्यवस्थेवर ओरड का होत नाही, अशी शंका आपल्याला येईल. एक टक्क्यापर्यंतचा दर तेथील नगर परिषद स्वतःच ठरवू शकते. त्यापुढे वाढवायचा तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. पण कौल देतात शहरातले रहिवासी, आणि कर भरतात शहरात काम करणारे, ज्यांतले पुष्कळजण संध्याकाळी मोटारीत बसून उपनगरातल्या घरी जातात. त्यांना या मतदानात स्थान नाही. व्हिसावर आलेल्या आपल्या पुण्या-नाशिकच्या अभियंत्याला तर कोणत्याच गावी मत नाही, तेव्हा त्याची चिंता करण्याचे कारणच उरत नाही. शिवाय हा कर व्याज, लाभांश आणि निवृत्तिवेतन यांना शिवत नाही. शहराच्या उत्कर्षाचा भार जो सकाळी उठून कामावर जातो त्यानेच उचलावा, इतकी श्रमाची कदर असलेली करपद्धती शोधूनही सापडायची नाही.

एक दक्षता मात्र घ्यावी. आपण ज्या गावी आहात, त्या गावाला आपली सवय होऊ लागली की पाय मोकळे ठेवावेत. क्लीव्हलंडला लागून ब्रुकलिन नावाचे सुमारे अकरा हजार वस्तीचे गाव आहे. तेथे शुभेच्छापत्रे छापणाऱ्या अमेरिकन ग्रीटिंग्ज या कंपनीचे मुख्यालय होते. गावाने करदर दोनवरून अडीच टक्के केला आणि कंपनीने नव्या जागेचा शोध जाहीर केला. राज्याबाहेरची, शिकागोकडची जागाही विचारात असल्याचे कळताच ओहायो सरकारने २०११ साली नऊ कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या सवलती देऊ केल्या. कंपनी राज्यातच राहिली; २०१६ साली तिने त्याच परगण्यातील वेस्टलेक या उपनगरात, दीड टक्का कर असलेल्या गावी, नवे मुख्यालय थाटले. माणसे तीच, काम तेच, फक्त सकाळी मोटार वेगळ्या दिशेने वळू लागली. ब्रुकलिनच्या अंदाजपत्रकाचे काय झाले, हा प्रश्न आपल्या प्रस्तावाच्या कक्षेत येत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यावर नाक मुरडू नये. आपल्याकडे पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर राज्याकडे जातो आणि घटनेच्या २७६व्या कलमाने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. एवढ्याशा रकमेत कोणता उद्योगपती येणार? म्हणून राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत, जी १९६४पासून नवनव्या रूपांत चालत आली आहे, पात्र उद्योगांना राज्य वस्तू व सेवा कराच्या प्रमाणात अनुदान मिळते. तेथे कर्मचाऱ्याच्या खिशातून, येथे गिऱ्हाइकाच्या; दातृत्वात आपण मागे नाही.

पुन्हा ओहायोकडे वळू. करार नगर परिषदेपुढे येईल तेव्हा तो ‘तातडीचा’ म्हणून मांडला जाईल असे पाहावे. साधारण ठराव तीस दिवसांनी अमलात येतो आणि तेवढ्या अवधीत नागरिक सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागू शकतात. तातडीचा ठराव लगेच लागू होतो आणि ती कटकट उरत नाही. सार्वजनिक आरोग्य, शांतता व सुरक्षितता यांच्या रक्षणासाठी हे निकडीचे आहे, असे ठरावात लिहावे लागते. आपल्या कार्यालयाच्या काचा आणि वाहनतळ यांच्यावाचून शहराची शांतता धोक्यात आहे, हे लिहिताना कारकुनाचा हात थांबत नाही, असा अनुभव आहे.

शेवटची सूचना घरून काम करणाऱ्यांविषयी. २०२० साली महामारीत राज्याने कायदा करून, माणूस उपनगरातल्या घरी बसला असला तरी तो शहरातल्या कचेरीतच काम करतो असे मानण्याची सोय केली, आणि त्या वर्षीच्या वसुलीवर ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली शिक्कामोर्तबही केले. पण ही सोय तात्पुरती होती. आता घरी बसून काढलेल्या दिवसांचा कर शहराकडून परत मागता येतो. आपले अनुदान शहरात कापल्या गेलेल्या करावर बेतलेले असल्यामुळे, कर्मचारी जितका घरी बसेल तितका आपला चेक लहान होईल. तेव्हा सर्वांना आठवड्यातून किमान चार दिवस कचेरीत बोलवावे, आणि तसे पत्र काढताना संघभावना, परस्पर संवाद व नव्या कल्पनांची देवाणघेवाण यांवर प्रत्येकी एक परिच्छेद अवश्य घालावा.