तोच चौक, तीच शनिवारची रात्र

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायची मोहीम म्हणजे निव्वळ देखावा झालाय. शनिवारी रात्री, तोच चौक, तेच बॅरिकेड. साडेअकराच्या सुमारास ग्रुपवर मेसेज पडतो, "पुलाखाली उभेत, मागच्या रस्त्याने या." खाली लगेच अंगठे. चार पेग मारलेला मागच्या रस्त्याने सुखरूप घरी, आणि थेंबही न घेतलेला मी रांगेत, प्लास्टिकची नळी तोंडात धरून "जोरात फुंका, अजून जोरात" ऐकतोय! फुंकायला माझी ना नाही हो. डोकं फिरतं ते दुसऱ्या दिवशी 'इतक्या जणांवर कारवाई' वाचून. अरे, ज्यांना मेसेज पोचला नाही तेवढेच सापडले की!

मेसेज टाकणाऱ्याला तर समाजसेवा केल्याचा आव. जपानमध्ये २००७ पासून, समोरचा प्यायलाय हे माहीत असून त्याच्या गाडीत बसणारा, त्याला गाडी देणारा आणि गाडी चालवणार हे ठाऊक असून दारू पाजणारा, सगळेच गुन्हेगार. योग्यच आहे.

आणि दर अपघातानंतर उठणारी ती ओरड: दंड वाढवा, कायदा कडक करा. कायदा कडकच आहे! भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा. इंग्लंडमध्ये ८० आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड २०१९ मध्ये २ हजारांवरून १० हजारांवर गेला, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद. काय उपयोग? पिणारा दंड बघून ग्लास खाली ठेवत नाही. आज पकडतील का, एवढंच बघतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये संशय असो-नसो, कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेळी, कुणालाही थांबवून तपासायला सुरुवात केली आणि रस्त्यावरचे मृत्यू झपाट्याने घटले. कुठे उभे असतील याचा नेमच नाही, तर मेसेज टाकणार कसला?

इथे मात्र सगळं घड्याळाप्रमाणे. दारू काय मध्यरात्रीनंतर आपोआप उतरते? शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीनेच ती काढतं. कॉफी प्या, लिंबू चाटा, थंड पाण्याने अंघोळ करा, काडीचा फरक पडत नाही. म्हणजे रात्री एक वाजता १५० वर असलेला माणूस सकाळी सातला साठावर असतो. मर्यादेच्या दुप्पट! दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, "रात्रीच घेतली होती, आता काय त्याचं" म्हणत निघतो कामाला. त्याला अडवायला कोण आहे? रात्रपाळी संपलेली, यंत्र पेटीत गेलेलं. एकदा सोमवारी सकाळी लावा की नाकाबंदी, तीही दुसऱ्याच रस्त्यावर, आणि मग छापा आकडे!