मर्यादाच वाढवली की जमीन स्वच्छ होते का?

“रिफायनरी बंद झाली ना आता, मग कसला त्रास?” फिलाडेल्फियातल्या आमच्या घराजवळच्या तेलाच्या रिफायनरीबद्दल हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. ऑफिसात तेच, मंडळाच्या गणपतीत तेच, चेंबूरहून आईचा फोन आला की तेच. परवा तर एका घरांच्या दलालाने आमच्या गल्लीत उभं राहून एका तरुण जोडप्याला बिनदिक्कत सांगितलं, “तिकडचं सगळं साफ झालंय.” बाईच्या कडेवर वर्षभराचं पोर होतं. मला राहवलं नाही, मी तिथल्या तिथे त्याला खोटं बोलू नकोस म्हणून सुनावलं.

काय साफ झालंय? दक्षिण फिलाडेल्फियात, स्कूलकिल नदीच्या काठाने तेराशे एकर जमीन. १८६०च्या दशकापासून तिथे तेल साठवलं, उकळलं, सांडलं. दीडशे वर्षं! अटलांटिक, गल्फ, सुनोको, मालक बदलत गेले, गळती तीच. जमिनीखाली भूजलावर तेलाचा तवंग तरंगतोय, मातीत शिसं आहे, कॅन्सर करणारं बेन्झिन आहे. कारखान्याला कुलूप लावलं म्हणून हे कुठे जाणार?

आणि बंद तरी कुणी शहाणपणाने केली का? २१ जून २०१९च्या पहाटे अख्खी दक्षिण फिली हादरून जागी झाली. पाइपाचं एक वळण, १९७३च्या सुमाराचं, आतून झिजत झिजत क्रेडिट कार्डाच्या निम्म्या जाडीचं उरलं होतं. आजूबाजूच्या पाइपांची जाडी मोजत होते, या वळणाची कधी मोजलीच नव्हती! ते फुटलं. सतरा टनांचा लोखंडी तुकडा उडून नदीपलीकडे जाऊन पडला. सुमारे दीड टन हायड्रोफ्लोरिक आम्ल, जिवावर बेतणारं, हवेत गेलं. त्या दिवशी वारा आणि नशीब दोन्ही आमच्या बाजूने होते, एवढंच. तेव्हाच्या मालक कंपनीने, फिलाडेल्फिया एनर्जी सोल्युशन्सने, महिनाभरात दिवाळखोरी जाहीर केली, हजारावर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी कुंपणापाशी मोजलेल्या बेन्झिनची वार्षिक सरासरी, ज्या पातळीला उपाय करणं बंधनकारक होतं, तिच्या पाचपटीहून वर निघाली. कुंपणापलीकडे काय आहे? रस्ता, आणि मग माणसांची घरं.

पण माझा खरा संताप पुढच्या गोष्टीवर आहे. २०२०मध्ये हिल्को नावाच्या कंपनीने ही जमीन घेतली. तिथे गोदामं आणि प्रयोगशाळा उभ्या करायच्या आहेत, नाव ठेवलंय बेलवेदर डिस्ट्रिक्ट. २०१२मध्ये रिफायनरी सुनोकोकडून नव्या कंपनीकडे गेली, पण त्याआधीच्या प्रदूषणाची जबाबदारी जुन्या मालकाकडेच, म्हणजे सुनोकोकडे. ते काम एव्हरग्रीन ही कंपनी बघते. पेनसिल्व्हेनियाच्या १९९५च्या कायद्याने त्यांच्यापुढे पर्याय ठेवलेत: राज्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत माती स्वच्छ करा, नाहीतर त्या जागेपुरती वेगळी मर्यादा मंजूर करून घ्या. बिगरनिवासी जमिनीच्या वरच्या थरात शिशाची राज्याची मर्यादा किलोमागे १,००० मिलिग्रॅम. इथे मंजूर करून घेतली २,२४०. दुपटीहून जास्त! मातीला फावडंही न लावता कालची विषारी जमीन आज कागदावर नियमात बसते. अशाने मीही माझं घर रोज न झाडता स्वच्छ ठेवीन.

का चालतं हे? कारण हिशेब धरलाय तो तिथे कामाला येणाऱ्या प्रौढ माणसाचा. रांगणारं, माती तोंडात घालणारं मूल त्या हिशेबात नाहीच, कारण तिथे कुणी राहणार नाही. अरे, पण पलीकडे राहतात ना! ट्रकच्या चाकांना लागलेली माती काय फाटकावर उतरून घेतात? उन्हाळ्यात माझ्या खिडकीच्या गजांवर बसणारी करडी धूळ मी ओल्या फडक्याने पुसते, दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. ती कुठून येते आणि तिच्यात काय आहे, हे मला कुणीही सांगत नाही. विचारलं की अहवाल वाचा म्हणतात. पानंच्या पानं आलेख आणि बोअरवेलचे क्रमांक! दोन पाळ्यांत राबणाऱ्या माझ्या शेजारणीने ते कधी वाचायचे?

उरलेल्या घाणीवर काय उपाय? वरून डांबर नाहीतर काँक्रीट टाकायचं, म्हणजे माणसाचा संपर्क तुटला. ही नदी इथे भरती-ओहोटीची आहे, जमीन सखल आहे, समुद्र वर चढतोय. डांबराखालच्या विषाची राखण पुढची पन्नास वर्षं कोण करणार? जी कंपनी तोवर हातोहात विकली गेली असेल, ती?

मी मुंबईत, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या धुराड्यांच्या वासात वाढले. उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांना जबरदस्तीने माहुलला राहायला पाठवू नका. इथे शिकलेले, कोट घातलेले लोकही तेच करतात, फक्त मऊ आवाजात.

या साफसफाईवरच्या पुढच्या जाहीर सभेत मी उठून विचारणार आहे. शिशाची मर्यादा १,०००वर कधी आणता? रस्त्यापलीकडच्या अंगणांतली माती कंपनीच्या खर्चाने कधी तपासता? आणि ते आकडे आम्हाला एका पानावर, आमच्या गल्लीच्या नावासकट, कधी देता? तारीख द्या. तारीख मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.