भाऊजी आणि हर्णैचा सौदा

हर्णैला आम्ही सुवर्णदुर्ग बघायला चाललो होतो. म्हणजे पुण्याहून निघताना तसं ठरलं होतं. ताम्हिणी उतरून माणगावला चहा प्यायला थांबलो, तेव्हा भाऊजी म्हणाले, "किल्ला काय, साडेतीनशे वर्षं तिथंच आहे. लिलाव मात्र चारला सुरू होतो." भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत. वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चारला आम्ही बंदरावर होतो. मोठ्या बोटी आत नांगरलेल्या, छोट्या होड्या पाट्या भरभरून किनाऱ्याकडे येतायत, आणि ओल्या वाळूवर मासळीचे ढीग. बोंबील, बांगडे, कोळंबी, मधेच मिशा फेंदारलेली शिंगाळी. प्रत्येक ढिगाभोवती बायकांचं कडं. मधला माणूस आकडे म्हणतो की मंत्रपुष्पांजली, कळत नाही. कुणीतरी भुवई हलवते आणि ढीग विकला जातो. आमच्या पांढऱ्या बुटांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

चार सुरमया आमच्या डोळ्यांदेखत २२०० रुपयांना गेल्या. ज्या मावशींनी त्या घेतल्या, त्या चार पावलं बाजूला सरकल्या, पाटी उलटी घालून तीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुरमई हवी का, दादा? नऊशेला एक."

भाऊजींनी ५५० चा हिशेब जागच्या जागी करून दाखवला.

"मग बोलीला उभं राहायचं होतंत," मावशी म्हणाल्या. "तिथं एक देत नाहीत. चारी घ्या, बर्फ घ्या, विका."

खरेदीचा भाव माहीत असणं ही फार वाईट गोष्ट आहे. पुण्यात तेच नऊशे आपण हसत देतो. इथं पंधरा मिनिटं घासाघीस चालली. भाऊजींनी कल्ला उचलून पाहिला. आत डाळिंबासारखा लाल होता. तरी ते "जरा फिका वाटतोय" म्हणाले. मावशींनी उत्तर दिलं नाही, फक्त शेजारणीकडे पाहिलं. अखेर आठशेवर तुटलं.

पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग उन्हात चमकत होता. तिथं जायला होडी लागते. त्याच्या महाद्वारावर मारुती आहे आणि पायरीवर कासव, असं मी मुलांना सांगून ठेवलं होतं. आता म्हटलं, निदान किनाऱ्यावरचा गोवा किल्ला तरी बघू. पण "मासळी गाडीत तापेल" म्हणून तोही राहिला. कनकदुर्गावरच्या दीपगृहाकडे मुलांनी खिडकीतून हात केला.

तसा पुणेकरांना हर्णैत सौदा कधी लाभलेलाच नाही. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या, सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं आणि दर्या इंग्रजांना मोकळा झाला. त्या मानाने भाऊजींचे अडीचशे रुपये काहीच नाहीत. हे मी गाडीत बोलून दाखवलं. ताई हसली, भाऊजी खाडीवरच्या पुलाकडे बघत बसले. बर्फाचं पाणी थेंबाथेंबाने माझ्या चपलेत उतरत होतं.

मुक्काम आंजर्ल्याला, एका काकूंच्या घरी. भाऊजींनी सुरमई अशी पुढे केली, जणू स्वतः गळ टाकून आणलीय. काकू दोन पावलं मागे सरल्या.

"अहो, आज संकष्टी! वर कड्यावर गणपती, आणि माझ्या चुलीवर हे?"

फ्रीजमध्येही जागा मिळाली नाही. सुरमई डिकीत झोपली. चंद्रोदयापर्यंत आम्ही उपाशी, नंतर उकडीचे मोदक आले. पाचव्या मोदकावर तूप ओतताना भाऊजींचा हात एकदम थांबला.

"म्हणजे तिने शंभर रुपये सोडले ते संकष्टीमुळे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकच नसणार आज. अजून दोनशे सहज सुटले असते गं!"